शिफ्ट बदलताना



मागच्या रविवारी उपासना संपल्यावर मी हॉलमधल्या सतरंज्या गोळा करत होतो. तेवढ्यात आपल्या मंडळीतल्या एक भगिनी मुलाला घेऊन जवळ आल्या. मुलगा निपाणीकडच्या एका आयटीआयमधून मशिनिस्ट होऊन बाहेर पडलेला. चार ठिकाणी मुलाखती झाल्या, कुठूनच बोलावणं आलं नाही. त्यांच्या हातात एका क्लासचं रंगीत पत्रक होतं. टाय लावलेला हसरा मुलगा, आणि खाली लिहिलेलं, 'सॉफ्ट स्किल्स शिका, नोकरी मिळवा'.

"दादा, हा क्लास लावू का? फी बरीच आहे. गळ्यातलं गहाण ठेवावं लागेल."

मुलगा खाली बघत म्हणाला, "सगळे म्हणतात, आता मशीनच सगळं करतंय. हाताच्या कामाला कोण विचारतो? बोलता आलं पाहिजे."

मी चटकन म्हणालो, "नको वहिनी, पैसे वाया जातील." त्या निघून गेल्या. पण घरी जाताना माझंच मला वाटत राहिलं की मी अर्धंच उत्तर दिलं. मुलगा जे बोलला ते खोटं नव्हतं. राहिलेलं अर्धं उत्तर आज लिहितो आहे. त्यासाठी आधी माझी एक चूक सांगावी लागेल. ती मी मंडळीपुढे कधी बोललो नाही.

मी पंचवीस वर्षांहून जास्त काळ बेळगावच्या उद्यमबाग आणि मच्छे भागातल्या शॉपमध्ये काम केलं. सुरुवात साध्या लेथवर झाली. फौंड्रीतून ओतीव काम यायचं, आम्ही ते घासून, भोकं पाडून मापात आणायचो. कारागिराची किंमत त्याच्या हाताला होती. धातू कापताना आवाज बदलला की टूल बोथट झालं हे मला न बघता कळायचं. मग सीएनसी आल्या. प्रोग्रॅम टाकायचा, जॉब बांधायचा, बटण दाबायचं. आधी एका माणसाला एक मशीन होतं, पुढे एका माणसाला दोन झाली, मग तीन. माझ्या हाताचं कसब पडद्यावरच्या आकड्यांत गेलं, त्याचं दुःख मला बरीच वर्षं होतं.

अशाच एका रात्री दुसऱ्या शिफ्टला माझ्या मशीनवरच्या बोरिंग बारचं टोक तुटलं. मी दुसरा बार लावला. तो आधीच्यापेक्षा बराच लांब बाहेर येत होता. म्हणजे मशीनला नवं माप सांगणं, ऑफसेट घेणं, भाग होतं. तेवढ्यात भोंगा झाला. तिसऱ्या शिफ्टचा मुलगा आला. कन्नड बोलणारा, चिकोडीकडचा, वयाने माझ्या निम्मा. दोन दिवसांपूर्वी मशीनखालचा बुरा कोणी काढायचा यावरून आमचं वाजलं होतं. माझं कन्नड 'ऊटा आयता' पुरतं, त्याचं मराठी तेवढंच. मी लॉगबुकात काही लिहिलं नाही, त्याला काही सांगितलं नाही, डबा उचलला आणि निघालो. सकाळी आल्यावर बघू, असं मनात म्हटलं. खरं सांगायचं तर, त्याच्याशी बोलायचं माझ्या जिवावर आलं होतं.

त्याने नेहमीप्रमाणे बटण दाबलं. टूल जाऊन जॉबवर आदळलं. मशीन आठ दिवस बंद राहिलं. 'चालू करण्याआधी बघायला नको का?' म्हणत सगळ्यांनी त्या मुलालाच धारेवर धरलं आणि त्याचा पगार कापायचं ठरलं. मी दोन दिवस गप्प बसलो. रविवारी देवळात पापांगीकाराची प्रार्थना सुरू झाली आणि माझं तोंड उघडेना. सोमवारी सुपरवायझरपुढे उभा राहून सगळं सांगितलं. माझे पैसे कापले गेले, ते योग्यच झालं. पण त्या मुलाने मला एवढंच म्हटलं, "हेळबेकित्तल्ला, अण्णा." सांगायला हवं होतंत ना, अण्णा.

त्या मशीनला तेल कमी झालं की दिवा लागायचा. हवेचा दाब उतरला की ते थांबायचं. दार उघडं राहिलं की चालू व्हायचं नाही. पण शेजारच्या माणसाला सांगायचं ते मी सांगितलं नव्हतं, यासाठी त्याच्यात कुठलाही दिवा नव्हता. तो दिवा माझ्यातच लागायला हवा होता.

आता त्या 'सॉफ्ट स्किल्स' शब्दाकडे येऊ. हा शब्द मुलाखत घेणाऱ्यांनी काढलेला नाही. तो अमेरिकन सैन्यात रुळला. १९७२ साली तिथे यावर एक परिषदच भरली होती. रणगाडा, तोफ, बंदूक, म्हणजे यंत्राशी पडणारं काम एका बाजूला, आणि माणसांना सांभाळण्याचं, समजावण्याचं, नेण्याचं काम दुसऱ्या बाजूला, अशी ती विभागणी होती. आपण मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्राचं गाव असलेले लोक. चांगला सुभेदार कोण, हे आपल्याला सांगावं लागत नाही. नेम सगळ्यांनाच शिकवतात, पण ज्याच्या शब्दावर पोरं उठतात आणि ज्याच्याजवळ रात्री मन मोकळं करतात, तोच सुभेदार. त्याच्या अंगचं हे कसब टायमध्ये किंवा इंग्रजी उच्चारात नसतं.

यंत्रं वाढल्यावर या कसबाचं मोल घटतं का? मी थोडं वाचलं. अमेरिकेतले अर्थतज्ज्ञ डेव्हिड डेमिंग यांनी १९८० ते २०१२ या काळातल्या तिथल्या नोकऱ्या तपासल्या. ज्या कामांत माणसांशी सतत संबंध येतो, त्यांचा एकूण नोकऱ्यांतला वाटा जवळजवळ १२ टक्के अंकांनी वाढला होता. गणिती पण एकट्याने करायच्या कामांचा वाटा उलट घटला होता. जेम्स बेसन यांनी बँकांचं उदाहरण दिलं आहे. एटीएम आल्यावर तिथल्या शहरी शाखेतले रोखपाल १९८८ ते २००४ मध्ये सरासरी २० वरून १३ वर आले. पण शाखा चालवणं स्वस्त झालं, म्हणून शहरी शाखाच ४३ टक्क्यांनी वाढल्या, आणि नोटा मोजणारा माणूस ग्राहकाशी बोलणारा माणूस झाला. पुढे मोबाईलवर बँक आली आणि तीही कामं कमी होऊ लागली. म्हणून 'गोड बोला, नोकरी टिकेल' असं मी कुणालाच सांगणार नाही. एवढंच म्हणतो की यंत्र जे काम घेतं ते आधी ठरावीक, पुन्हापुन्हा करायचं काम असतं. मागे उरतं ते माणसामाणसांतलं काम. ते आपण शिकलो नसू, तर मशीन येवो वा न येवो, आपण अडणारच.

पवित्र शास्त्रात याबद्दल काय आहे, असं मी स्वतःला विचारलं तेव्हा मला प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय आठवला. यरुशलेमेतली मंडळी वाढत होती. रोज विधवांना अन्न वाटलं जाई. तिथे दोन भाषांचे लोक होते. ग्रीक बोलणाऱ्यांनी कुरकुर केली की आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होतं, इब्री बोलणाऱ्यांच्या विधवांना मात्र मिळतं. बघा, मंडळीतल्या पहिल्या मोठ्या तक्रारींपैकी एक शिकवणुकीची नव्हती. ती वाढण्याची होती, आणि तिच्या मुळाशी भाषा होती. सीमाभागात राहणाऱ्या आपल्याला हे वाचताना ओळखीचं वाटायला हवं.

प्रेषितांनी काय केलं? 'कुरकुर करू नका, प्रार्थना करा' असं म्हणून लोकांना गप्प केलं नाही. सगळ्या मंडळीला बोलावलं. चांगलं नाव असलेले, पवित्र आत्म्याने आणि ज्ञानाने भरलेले सात जण निवडायला सांगितलं. अन्नवाटपासाठी एवढी पात्रता! आपण तर वाढपी म्हटलं की जो रिकामा दिसेल त्याच्या हातात बादली देतो. आणि निवडले कोण? स्तेफन, फिलिप्प, प्रखर, निकनोर, तीमोन, पार्मिना, नीकलाव. सातही नावं ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार होती त्यांची भाषा जाणणाऱ्यांच्या हाती वाटप दिलं गेलं. त्यानंतर देवाचं वचन वाढत गेलं, असं तो अध्याय सांगतो. तक्रार नीट ऐकून घेतली म्हणून मंडळी फुटली नाही, उलट वाढली, असं मला त्यात दिसतं.

त्या सातांतला फिलिप्प पुढे आठव्या अध्यायात रस्त्यावर भेटतो. कूशी अधिकारी रथात बसून यशया वाचत असतो. फिलिप्प धावत जातो, पण जाऊन लगेच प्रवचन करत नाही. आधी ऐकतो, मग विचारतो की जे वाचता आहात ते समजतं का. मग त्याच्याशेजारी रथात बसतो. मला नेहमी वाटतं, विधवांच्या पंगतीत वाढतानाच तो हे शिकला असणार. कुणाला किती भूक आहे हे विचारल्याशिवाय वाढू नये, एवढं कळलं की माणूस उपदेशही नीट करतो.

आता भाषेबद्दल स्पष्ट बोलतो. १९५६ मध्ये राज्यांची पुनर्रचना झाली, बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं, आणि तेव्हापासूनची सल आपल्या घराघरात आहे. २००४ पासून खटला सर्वोच्च न्यायालयात आहे. त्यावर बोलायची ही जागा नाही, आणि मराठीवरचं माझं प्रेम कुणी तोलून बघायची गरज नाही. प्रार्थना मी मराठीतच करतो. पण त्या रात्री मी त्या मुलाला 'बार बदललाय, ऑफसेट घे' एवढी दोन वाक्यं कन्नडमध्ये सांगू शकलो नाही, यात कुठल्याही भाषेचा सन्मान नव्हता. त्यात माझा आळस होता आणि थोडा ताठा. शॉपमध्ये आपल्या शेजारी कन्नड, उर्दू, कोकणी, हिंदी बोलणारे उभे असतात. कापताना बोट जाईल की राहील हे कधी कधी त्यांच्या एका हाकेवर ठरतं. आपले तरुण इंग्रजी उच्चारासाठी दागिने गहाण टाकायला निघतात आणि शेजारच्या माणसाची भाषा फुकट मिळते ती घेत नाहीत, याचं मला वाईट वाटतं.

इथे एक शंका येईल, आणि ती रास्त आहे. 'हे सगळं मालकाच्या फायद्याचं. कामगार गोड झाला, गप्प झाला, की त्यांचं भलं.' ही शंका निराधार नाही. आपल्याच राज्यात, बंगळूरच्या कपड्याच्या कारखान्यांत, अच्युत अध्वर्यू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा अभ्यास केला. शिवणकाम करणाऱ्या स्त्रियांना चिठ्ठ्या टाकून निवडलं आणि संवाद, वेळेचं नियोजन, अडचणी सोडवणं असं सुमारे ८० तासांचं शिक्षण दिलं. त्यांचं काम सुमारे साडेतेरा टक्क्यांनी वाढलं. कारखान्याला खर्चाच्या अडीचपट निव्वळ फायदा झाला. आणि त्या बायकांचा पगार? जेमतेम अर्धा टक्का वाढला.

हा आकडा वाचून मी पुस्तक मिटून बसलो होतो. याकोबाच्या पत्रातला पाचवा अध्याय आठवला. शेतं कापणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी तिथे ओरडते आणि ते ओरडणं प्रभूच्या कानी जातं. मऊ बोलायला शिकवून घामाचा दाम तेवढाच ठेवायचा असेल, तर त्या शिक्षणाला मी ख्रिस्ती शिक्षण म्हणणार नाही.

पण म्हणून शिकूच नये का? माझी मावशी निपाणीत विड्या वळायची. पानं भिजवायची, मापाने कापायची, तंबाखू भरून दोऱ्याने बांधायची. हजार विड्यांचा हिशेब. संध्याकाळी ठेकेदाराकडे गेलं की तो मूठभर विड्या 'छाट' म्हणून बाजूला काढायचा. त्यांचे पैसे नाहीत, आणि विड्या मात्र त्याच्याकडेच. बायका वर मान करून बघायच्या नाहीत. मग १९८० च्या आसपास प्रा. सुभाष जोशी यांनी निपाणीतल्या विडी कामगार स्त्रियांची संघटना बांधली. मावशी सांगायची, सभेत पहिल्यांदा बोलायला उभी राहिले तेव्हा पाय लटपटत होते. पुढे तीच ठेकेदाराला शांतपणे म्हणायची, "परत मोजा. आणि यातली कुठली वाईट ते मला दाखवा." शिवी नाही, आवाज चढवणं नाही, आणि मागे हटणंही नाही. मावशी अंगठाबहाद्दर होती, पण कामाच्या जागी कसं बोलावं याचा तिच्याइतका चांगला धडा मला नंतर कुणी दिला नाही.

शास्त्रातही असे नोकर आहेत. नामान सेनापती अलीशाच्या निरोपावर रागावून परत निघाला, तेव्हा त्याच्या चाकरांनी त्याला आदराने हाक मारली आणि त्याची चूक त्याला दाखवली (२ राजे ५). हांजी हांजी केली असती तर धन्याचं कोड तसंच राहिलं असतं. म्हणून मऊपणा म्हणजे मान डोलावणं नव्हे. वेळेवर, समोरच्याला समजेल अशा शब्दांत, खरं ते सांगणं आणि त्याचं खरं ऐकून घेणं, हे ते कसब आहे. ते शेजाऱ्यापुढे वापरायचं आणि साहेबापुढेही.

आता राहिलेलं उत्तर. वहिनी, गळ्यातलं मोडू नका. जे त्या पत्रकात विकायला ठेवलंय त्यातलं बरंच काही आपल्या हॉलमध्ये होऊ शकतं, आणि ते होत नाही याला आम्ही सेवा करणारेच जबाबदार आहोत. तरुण संघाची सभा गेली कित्येक वर्षं तेच दोघे तिघे चालवतात. मीही त्यातलाच. पाळकसाहेबांशी आणि समितीशी बोलून मी पुढच्या महिन्यापासून हे करू इच्छितो.

पहिलं, तरुण संघाची सभा दर वेळी वेगळा मुलगा किंवा मुलगी चालवेल, आणि दुसरं कुणी इतिवृत्त लिहून पुढच्या वेळी वाचून दाखवेल. ज्याला बोलायची भीती वाटते त्याची पाळी आधी.

दुसरं, घरी पडून असलेल्या वृद्धांना भेटायला दोघादोघांनी जायचं. अर्धा तास, मोबाईल खिशात. परत आल्यावर 'आम्ही काय बोललो' हे न सांगता 'ते काय म्हणाले' एवढंच सांगायचं. हे वाटतं त्याहून अवघड आहे, मी करून बघितलं आहे.

तिसरं, उपासनेनंतर तासभर कन्नड. शिकवायला आपलीच कन्नड शाळेत जाणारी मुलं आहेत. मोठ्यांनी लहानांकडून शिकायचं, यातही एक धडा आहे.

चौथं, पगाराची चिठ्ठी वाचायला शिकायचं. पीएफ किती कापला, ओव्हरटाइम कायद्याप्रमाणे दुप्पट दराने लागला का, आणि नसेल तर कसं विचारायचं, याचा सराव. एकाने साहेब व्हायचं, एकाने कामगार. मग अदलाबदल.

पाचवं माझ्यासाठी. देवळातलं कुठलंही काम दुसऱ्याच्या हाती देताना किल्ली आणि वही देऊन मोकळं व्हायचं नाही. काय बिघडलंय, कोण आजारी आहे, कुणाचं मन दुखावलं आहे, हे समोर बसून सांगायचं.

यातून नोकरी नक्की मिळेल असं वचन मी देत नाही. ते माझ्या हातात नाही. तुमच्या मुलाला इंग्रजी शिकायचं असेल तर तेही त्याने जरूर शिकावं. पण मुलाखतीत जेव्हा कुणी विचारेल, 'तुझी एखादी चूक सांग', तेव्हा तो पाठ केलेलं उत्तर देणार नाही, खरं सांगेल, आणि त्याची मान खाली जाणार नाही, एवढं आपण मंडळी म्हणून त्याला देऊ शकतो.

तो चिकोडीचा मुलगा आता दुसऱ्या एका कारखान्यात सेटर आहे. नाताळात त्याचा फोन येतो. तो मराठीत 'मेरी ख्रिसमस अण्णा, बरे आहात ना' म्हणतो, मी कन्नडमध्ये उत्तर देतो, आणि माझ्या व्याकरणावर तो हसतो. मीही हसतो.

प्रार्थना करू या.

हे प्रभू, आमच्या हातांना तू काम दिलंस, त्याबद्दल तुझे आभार मानतो. यंत्रांच्या भीतीने ज्यांची झोप उडाली आहे त्यांना धीर दे. जिथे आम्ही बोलायला हवं होतं आणि गप्प राहिलो, त्याची आम्हांला क्षमा कर. शेजाऱ्याचं ऐकायला कान दे, त्याच्या भाषेत बोलायला नम्रता दे, आणि अन्याय दिसला तर शांतपणे 'परत मोजा' म्हणायचं धैर्य दे. प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावाने मागतो. आमेन.